सुरकुतणारा रस्ता

अण्णाला कोणी दोष दिला नाही, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. दूध संघातले लोक म्हणाले, पाऊस होता, कुणाचाही इलाज नव्हता. पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी त्याला बसायला खुर्ची दिली. मयताच्या घरी तो पाया पडायला गेला, तर तिथला म्हातारा त्याचे हात धरून ‘नसीब’ एवढंच म्हणाला. अण्णानं, म्हणजे मल्लिनाथ बिराजदारानं, उभं आयुष्य दुधाचा टँकर चालवण्यात काढलं होतं आणि त्याच्या चाकाखाली कधी कुत्रंसुद्धा आलं नव्हतं. अशा माणसाला बोल लावायला कुणाची जीभ उचलणार?

मेला तो इलियास नदाफ. गावोगावी फिरून गाद्या शिवून द्यायचा. मोपेडवर कापसाचं गाठोडं बांधून नागूर फाट्यावर वळत होता. अण्णा सोलापुरात दूध उतरवून रिकामा टँकर घेऊन परत येत होता. पाऊस पडत होता, पण दिवस होता, आणि समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं.

अण्णाची धाकटी बहीण शिवलीला सोलापूरच्या एका अभियांत्रिकी संस्थेत रस्त्यांच्या साहित्यावर संशोधन करायची. वहिनींचा फोन आला तशी ती गावी आली. अण्णा पडवीत भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली.

“कशाला आलीस गं कॉलेज सोडून?”

“वैनी म्हणाल्या, जेवत नाहीस.”

“जेवतो की.”

“वाटीभर ताक म्हणजे जेवण काय ओ?” महानंदावहिनी आतूनच बोलल्या. “मांजर पाळलं असतं तर त्यानं तरी दोन वेळा ताटाला तोंड लावलं असतं.”

अण्णा हसला नाही. म्हणाला, “दिसला मला, लीला. लांबून दिसला. तिथनं, त्या पाण्याच्या टाकीपासनं म्हण. ब्रेक मारलो मी. गाडी थांबलीच नाही गं. हितं थांबेल असं मला वाटलं, आणि ती गेली की पुढं.” त्यानं उजवा पाय पुढे पसरला आणि त्याच्याकडे परक्याच्या वस्तूकडे पाहावं तसं पाहिलं. “पाय म्हातारा झाला. मला कळालं नाही, एवढंच. वकिलाला सांगितलोय, तारखेला कबूल करतो म्हणून.”

“इतक्यात काही कबूल करू नकोस.”

“का? तू होतीस काय तिथं?”

ती तिथे नव्हती. पण नागूर फाट्याच्या थोडं अलीकडेपर्यंत जो रस्ता होता, तो तिचा होता.

*

पाण्यात फार वेळ हात घातला की बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात. पुष्कळांना वाटतं, कातडी भिजून फुगली. तसं नाही. बोटांत संवेदना नसली तर त्या पडत नाहीत. ओल्या, निसरड्या वस्तूवर बोट सरकू नये म्हणून शरीरानं केलेली ती सोय असावी, असं मानतात. सुरकुत्यांच्या खोबणींतून पाणी निघून जातं आणि कातडी थेट वस्तूला भिडते.

शिवलीलाच्या सगळ्या संशोधनाचं मूळ एवढंच होतं. पावसात गाडी घसरते ती टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर साचतो म्हणून. मग रस्त्यालाच सुरकुत्या पडल्या तर? तिनं बेसाल्टच्या बारीक खडीवर एका लवचीक पदार्थाचं आवरण चढवलं. हा पदार्थ पाणी प्यायला की फुगतो, पण सगळीकडे सारखा नाही. कुठे उठतो, कुठे बसतो. सर पडल्यावर दोन-चार मिनिटांत रस्त्याच्या अंगावर नखाएवढ्या वळ्या उभ्या राहतात, पाणी त्यांच्यामधून कडेला निघून जातं. ऊन पडलं की रस्ता पुन्हा सपाट. अशा रस्त्यावर भर पावसात ब्रेक दाबला, तर गाडी कोरड्या रस्त्यावर थांबावी तेवढ्याच अंतरात थांबायची. साध्या ओल्या रस्त्यावर तिला जवळजवळ दुप्पट अंतर लागायचं.

ट्रकवाल्यांनी त्याचं नाव ‘म्हातारा’ ठेवलं. “म्हाताऱ्यावर चढलो की टेन्शन नाही,” असं ते ढाब्यावर म्हणायचे.

प्रयोग तीन राज्यांतल्या तीन संस्थांनी मिळून हाती घेतला होता. सोलापूरकडचा तुकडा शिवलीलाच्या संस्थेचा, कलबुर्गीकडचा डॉ. बसवराज हत्तरकींच्या, आणि त्यापलीकडचा तेलंगणातल्या लोकांचा. मधले काही पट्टे तसेच राहिले. सीमेजवळचा दहा-अकरा किलोमीटरचा पट्टा त्यांतलाच. तिथे नेमकी कुणाची निविदा, यावर घोळ होता.

या मंडळींनी मागे एक प्रकल्प मिळून केला होता, तेव्हा कुठला आकडा कुणाचा यावरून इतकी भांडणं झाली की अहवालच निघाला नाही. म्हणून या खेपेला पहिल्याच बैठकीत सर्वांनी हसतखेळत ठरवून टाकलं, की ज्याचा तुकडा त्याचे अपघात. प्रत्येकानं आपल्या हद्दीतले मोजायचे, दुसऱ्याच्या पानात डोकवायचं नाही. जेवणात शेंगाची पोळी होती. कुणालाही त्या ठरावात काही वावगं दिसलं नाही.

तीन वर्षांत तिन्ही तुकड्यांवरचे पावसाळी अपघात पूर्वीच्या एकपंचमांशावर आले. आता पुढच्या महिन्यात मोठी बैठक होती. सगळ्या महामार्गांवर हा थर घालायचा की नाही, ते तिथे ठरणार होतं.

*

आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा अण्णाकडे निघाली. भुरभुर पाऊस होता. स्वतःच्या रस्त्यावरून जाताना तिला नेहमी बरं वाटायचं. टायरखाली बारीक खरखर यायची, खवणीवर नारळ फिरवल्यासारखी. नागूरच्या अलीकडे ती खरखर थांबली. आपला रस्ता संपला, हे तिच्या मनानं नेहमीसारखं टिपलं.

थोडं पुढे एक ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर चढला. चाकांना काळी माती लडबडलेली. तिनं ब्रेक दाबला. नेहमी दाबायची तसा, नेहमी दाबायची तेव्हा. गाडी न थांबता पुढे गेली, मागचा भाग वळला, आणि ट्रॅक्टरला वळसा घालून ती तुरीच्या शेतात जाऊन उभी राहिली.

ट्रॅक्टरवाला धावत आला. काचेतून वाकून त्यानं पाहिलं. “लागलं का कुठं?”

“नाही.”

“मग बरं. गाडी शिकतायसा का, बाई? शिकायचं तर पावसात कशाला शिकायचं? मैदानावर शिकावं.”

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

“दम धरून चालवावं. तूर आडवी झाली बघा हातभर. असू द्या, उठंल ती.”

तो दोरखंड आणायला गेला. शिवलीला स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. तिचा रस्ता कुठे संपतो हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. कोरड्या आणि ओल्या डांबराची पकड किती, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण ते सगळं डोक्याला माहीत होतं. पाय गेली तीन वर्षं दुसऱ्याच शाळेत जात होता. पावसात घाबरायचं कसं, ते तो विसरला होता.

अण्णाचा पाय म्हातारा झालेला नव्हता.

त्या दिवशी ती अण्णाकडे गेली नाही. गाडी बाहेर निघाल्यावर तिनं ती सोलापूरकडे वळवली, आणि आपल्या रस्त्यावर चढल्यावरही सायकलच्या वेगानं चालवत राहिली. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवत होते.

*

आपण भ्यालोय म्हणून आपल्याला असं वाटतंय, हा संशय तिच्या मनात होताच. म्हणून तिनं तबस्सुमला बोलावलं. तबस्सुम शेख संस्थेत आकडेशास्त्राचं काम पाहायची; जिभेला हाड नसलेली, पण कामाला चोख.

संस्थेच्या मागच्या आवारात साध्या डांबराची एक लांब पट्टी होती. त्यांनी ती पाण्याच्या टँकरनं भिजवली. चालकांचे दोन गट केले. पहिल्यात रोज ‘म्हाताऱ्या’वरून जाणारे, दुसऱ्यात लातूरकडचे, ज्यांनी तो रस्ता पाहिलेलाही नव्हता. सगळे सारख्या अनुभवाचे, सगळ्यांना गाडी एकच. ठरावीक वेगात यायचं, लाल दिवा दिसला की थांबायचं. पुढे थर्मोकोलची भिंत.

लातूरचे चालक ओली पट्टी दिसताच आपणहून वेग कमी करायचे आणि भिंतीच्या बरंच अलीकडे उभे राहायचे. रोजच्या वाटेवरचे चालक भिंत फोडून जायचे. सगळे नव्हे, पण तिघांतले दोन.

उतरल्यावर तबस्सुम त्यांना एकच प्रश्न विचारायची, ओलं होतं म्हणून सावकाश चालवलं का? भिंत फोडलेले सगळे ठामपणे ‘हो’ म्हणाले. एक तर चिडलाच. “मॅडम, पावसात कसं चालवायचं ते मला शिकवू नका. पट्टीला साबण लावलाय तुम्ही.”

“साबण लावायला बजेट कुठंय, भैया,” तबस्सुम म्हणाली. मग शिवलीलाकडे वळून, हळू आवाजात, “मॅडम, हे खोटं बोलत नाहीयेत. यांना खरंच वाटतंय, की आपण जपून चालवलं.”

“माहीत आहे मला.”

त्यानंतर तबस्सुमनं तुकड्यांच्या बाहेरच्या, कुणाच्याच हिशोबात नसलेल्या रस्त्यांवरचे अपघात गोळा केले. आपल्या रस्त्यावर जेवढे जीव वाचले होते, त्यांच्या निम्म्याहून जास्त जीव रस्त्याच्या टोकांपाशी गेले होते. पावसात, दोन-तीन किलोमीटरच्या आत. आणि तो आकडा दर वर्षी वाढत होता. राहिलेले मात्र खरोखर वाचले होते. शिवलीलाला वाटलं, सगळेच गेले असते तर निदान निर्णय तरी सोपा झाला असता.

*

हत्तरकी कलबुर्गीहून स्वतः आले. स्थूल, गमत्या स्वभावाचे, दुःखाच्या जागीही विनोद शोधणारे गृहस्थ. आकडे पाहून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

“आमच्याकडे म्हणतात, सीमेवर माणूस मेला तर लवकर मरत नाही. कुठल्या राज्यात मेला ते ठरेपर्यंत जिवंतच असतो.” ते स्वतःच हसले नाहीत. “आपण त्यांना तसंच ठेवलं होतं की, शिवलीलाबाई. तीन वर्षं.”

“बैठकीत सांगायला हवं.”

“सांगा. मी नको म्हणत नाही. पण उपाय घेऊन सांगा. उपाय सोपा आहे. मधला पट्टा मोकळा राहिला म्हणून माणसं मेली, तर तो भरून काढू. दोन्ही राज्यं आता तयार होतील.”

“आणि भरल्यावर? कुठेतरी तो संपणारच ना, सर. गावात जाणारा रस्ता, शेतात जाणारा रस्ता, घाटातला. सगळ्यांवर कधीच घालता येणार नाही. जिथे आपला रस्ता संपेल तिथे नागूर फाटा असेल.”

“मग फलक लावा. ‘साधा रस्ता सुरू.’ ”

“मी रस्ता बनवलाय, सर. तो कुठे संपतो हे मला फलकाशिवाय माहीत होतं. फलक डोळ्यांसाठी असतो. पाय वाचत नाही.”

हत्तरकींनी तिच्याच मनातला, तिनं अजून न उच्चारलेला पर्याय बोलून दाखवला. “म्हणजे काढून टाकायचा?”

“काढला तर काय होईल ते तुम्हीच सांगा.”

ते दोघांनाही ठाऊक होतं. रोज हजारो गाड्या त्या रस्त्यावरून जात होत्या. त्या हजारो पायांना आता ओल्या रस्त्याची भीती उरलेली नव्हती. थर एकाएकी काढला, तर चाळीस किलोमीटरचा नागूर फाटा तयार झाला असता. रस्ता ठेवला तरी माणसं मरणार, काढला तरी मरणार. चांगली गोष्ट एकदा केली की ती परत घेता येत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

*

बैठकीच्या आधी ती अण्णाकडे गेली. त्याला आधी कळायला हवं होतं. तिनं सगळं सांगितलं. बोटांच्या सुरकुत्यांपासून थर्मोकोलच्या भिंतीपर्यंत. अण्णा मान खाली घालून ऐकत होता. वहिनी दारात उभ्या होत्या.

“तुझी चूक नव्हती, अण्णा. रस्त्यानं तुझ्या पायाला वेगळं शिकवलं. मी कोर्टात येऊन सांगेन.”

अण्णानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं तिला वाटलं होतं. “म्हंजे तू मारलीस म्हणतीस इलियासला?”

“अहो, काय बोलताय?” वहिनी म्हणाल्या.

“तसं न्हवं. तिचंच म्हणणं काय ते विचारतोय.” तो बराच वेळ पावलांची बोटं हलवत राहिला. “नको लीला. त्याच्या घरी जाऊन काय सांगू? माझा पाय न्हवता, रस्त्याचा पाय होता? गाडीत मी होतो की. पाय माझाच होता.”

“पण ते खरं नाही.”

“तुझं खरं कागदावर लिही. लिहू नको म्हणत नाही मी. साक्षीला ये, काय सांगायचं ते सांग. पण मी कबूल करणार. दोषच न्हाई म्हणलं तर मी झोपू कसा? आता निदान कशानं झोप लागत न्हाई ते तरी ठाऊक हाय.”

वहिनी आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला.

“काढून टाका मग तो रस्ता,” अण्णा म्हणाला.

“काढता येत नाही. काढला तर जास्त माणसं मरतील.”

“ठेवला तर?”

“ठेवला तरी.”

अण्णानं तिच्याकडे पहिल्यांदाच धाकट्या बहिणीकडे पाहावं तसं पाहिलं. “जेवून जा,” तो म्हणाला. आणि त्या दिवशी तो तिच्याबरोबर ताटावर बसला. अर्धी भाकरी खाल्ली.

परतताना तिचं मन एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. रस्त्याच्या वरच्या आवरणाला दर वर्षी नवा हात द्यावा लागायचा. झिजलेला पदार्थ फवाऱ्यानं पुन्हा भरायचा. किती भरायचा, ते प्रमाण तिची प्रयोगशाळा ठरवायची. आजवर तिनं ते एका कणानंही कमी होऊ दिलं नव्हतं.

*

बैठकीचे अध्यक्ष विनायक ओगले निवृत्त मुख्य अभियंता होते. शांत, कुणाचंही बोलणं मध्ये न तोडणारे. शिवलीलानं चाचण्यांचे निष्कर्ष मांडले. तेलंगणाच्या प्रतिनिधी बाई रागावल्या. तीन वर्षं दाखवलेले आकडे खोटे होते का, असं त्यांनी विचारलं.

“खरे होते,” हत्तरकी म्हणाले. “आपण खिडकीतून पाहत होतो. जेवढं खिडकीत आलं तेवढं खरंच होतं.”

“आता काय करायचं म्हणता?” ओगल्यांनी विचारलं.

शिवलीलानं हातातले कागद खाली ठेवले. आयुष्यभर ज्या रस्त्याची बाजू मांडली त्याच्याविरुद्ध बोलायचं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. “विस्तार थांबवावा. आणि आहे त्या तिन्ही तुकड्यांवर आवरणाचं प्रमाण दर वर्षी थोडं कमी करत न्यावं. वळ्या दर वर्षी थोड्या कमी उठतील. पाच-सहा वर्षांत रस्ता साधा होईल. तेवढ्यात पायांना हळूहळू कळेल.”

“कसं कळेल?”

“गाडी नेहमीपेक्षा हातभर पुढे जाऊन थांबेल. पुढच्या वर्षी दोन हात. माणूस दचकेल. दचकला की शिकेल.”

“सगळेच नुसते दचकणार नाहीत, मॅडम.”

“नाही.”

“काही घसरतील.”

“हो.”

“काही...” ओगल्यांनी वाक्य पुरं केलं नाही. “म्हणजे लोक घसरावेत म्हणून चांगला रस्ता आपण मुद्दाम वाईट करायचा, असा ठराव तुम्ही मला लिहायला सांगताय. आणि जो घसरेल, त्याच्या घरच्यांनी मला विचारलं, तर?”

“तर माझं नाव सांगा.”

“नावानं काय होतं?” ते थकल्यासारखे म्हणाले. त्यांनी तबस्सुमच्या अंदाजांचा तक्ता पुन्हा जवळ ओढला. एकदम काढला तर किती; ठेवला तर, टोकांपाशी दर वर्षी वाढत जाणारे धरून, किती; हळूहळू उतरवला तर किती. तिसरा आकडा सर्वांत लहान होता. शून्य नव्हता.

ठराव झाला. मोजणीची पद्धतही बदलली. आता प्रत्येकानं आपल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांपुढचा रस्ताही मोजायचा होता, तो कुणाचाही असो. फलक लावायचे, वर्तमानपत्रांत निवेदन द्यायचं, हेही ठरलं. बाहेर पडताना हत्तरकींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना या वेळी विनोद सुचला नाही.

कोर्टात शिवलीलाची साक्ष झाली. अण्णानं कबुली मागे घेतली नाही. न्यायाधीशांनी शिक्षा हलकी दिली, परवाना मात्र गेला. अण्णा गावच्या दूध संकलन केंद्रावर कॅन उतरवून घ्यायचं काम करू लागला.

*

पुढच्या पावसाळ्यात फोन आला तो तबस्सुमचा. एरवी ती फोनवर आधी दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलायची.

“आपल्या तुकड्यावर झालाय, मॅडम. मधोमध. स्कूटर.”

“जिवंत?”

“हो. पाय आणि खांद्याचं हाड. आरोग्यसेविका आहे, रेणुका तोरगल नावाची. लसीकरणाला चालली होती.”

शिवलीला निघाली. अण्णा कामानिमित्त सोलापुरातच होता. तिनं फोनवर नुसतं सांगितलं, तर म्हणाला, मी येतो.

इस्पितळात रेणुका खाटेवर पडून छताकडे पाहत होती. वय तीस-पस्तीस. पाय प्लास्टरमध्ये. शिवलीलानं आपली ओळख करून दिली. त्या रस्त्यावर काम करते, म्हणाली.

“तुमचाच का तो म्हातारा?” रेणुका म्हणाली. “गेल्या वर्षी भर पावसात ह्याच वेगानं जायचे मी. आमच्या बॉक्समधल्या लसींचा गारवा जायच्या आत गाव गाठायचं असतंय. समोर म्हैस आली, ब्रेक दाबले, थांबायला पाहिजे होतं. थांबली न्हाई. काय बिघडलंय मॅडम त्या रस्त्याला?”

अण्णा खाटेच्या पायाशी उभा होता. त्यानं बहिणीकडे पाहिलं.

काहीही सांगता आलं असतं. वरचा थर झिजला, तपास चालू आहे. “बिघडलेला नाही,” शिवलीला म्हणाली. “आम्ही त्याची पकड मुद्दाम कमी केली.” मग तिनं का ते सांगितलं. जितक्या साध्या शब्दांत येईल तितकं. नागूर फाट्याचंही सांगितलं, अण्णाचं नाव न घेता. अण्णा तिथेच उभा होता.

रेणुका ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. “म्हणजे मी पडावं म्हणून केलं.”

“तुम्ही नाही. पण कोणीतरी पडेल हे माहीत होतं.”

“आधी सांगायचं होतं.”

“फलक लावले होते. पेपरात दिलं होतं.”

“फलक कोण वाचतंय मॅडम,” रेणुका म्हणाली आणि तिनं मान भिंतीकडे फिरवली.

बाहेर सर आली. पत्र्याच्या छपरावर ताशा वाजल्यासारखा आवाज झाला. रेणुकाचा धड हात चादरीवर होता. त्याची बोटं एकदम आवळली गेली, ब्रेकच्या दांडीवर आवळावीत तशी. चादर मुठीत गोळा झाली. तिला स्वतःला ते समजलंही नव्हतं. शिवलीलाला समजलं. ठरावात जे लिहिलं होतं ते नेमकं हेच होतं. त्या हाताकडे तिला फार वेळ पाहवलं नाही.

“पुन्हा येते,” ती म्हणाली.

दोघं बहीण-भाऊ पोर्चमध्ये येऊन थांबले. गाडी समोर होती, पण पाऊस जोराचा होता. शेजारी एक बाई डबा घेऊन पाऊस उघडण्याची वाट पाहत उभी होती.

“पुढच्या वर्षी अजून कमी करणार?” अण्णानं विचारलं.

“हो.”

“औंदा केलं तेवढंच?”

“तेवढंच.”

अण्णानं मान हलवली. मग म्हणाला, “पुढच्या वर्षीबी मला फोन कर. मी येतो.”